यंत्रनिर्मित प्रत आणि रसिकाचा वाटा

वाल्टर बेन्यामिन या जर्मन समीक्षकाने कलाकृती आणि तिची यांत्रिक पुनर्निर्मिती यांविषयी १९३५ साली पॅरिस येथे, निर्वासित अवस्थेत, एक निबंध लिहिला. आपल्या विद्यापीठांतून तो आज इतक्या वेळा उल्लेखिला जातो की, प्रत्यक्ष वाचण्याची गरज आता उरलेली नाही असा कित्येकांचा समज झालेला दिसतो. प्रस्तुत लेखिकेचाही तो काही अंशी झाला होता. त्या निबंधाचे मराठी भाषांतर करावयास बसल्यावर मात्र पहिल्या चार पृष्ठांतच दोन शब्दांनी वाट अडविली. कोश पालथे घातले. परंतु अडचण कोशातली नव्हती. भाषांतर करताना एखाद्या शब्दाला आपल्या भाषेत जागा मिळेनाशी झाली, तर पुष्कळदा दोष भाषेच्या दारिद्र्याला दिला जातो. क्वचित असेही असते की, त्या शब्दामागील सिद्धांतच आपल्या अनुभवात नीट बसत नसतो. येथे काहीसे तसेच झाले, आणि त्यातून ज्या शंका निघाल्या त्यांची मांडणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

निबंधाचा इतिहासच प्रथम पाहण्यासारखा आहे. अस्सल कृती आणि तिची प्रत यांची चिकित्सा करणारे हे लेखन १९३६ मध्ये प्रथम छापले गेले ते फ्रेंच भाषांतराच्या रूपाने! मूळ जर्मन संहिता लेखकाच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १९५५ मध्ये, प्रसिद्ध झाली, आणि इंग्रजी वाचकांच्या हाती तो निबंध पडला तो १९६८ मध्ये. आपल्याकडे तो बहुतांशी त्या इंग्रजी अवतारातूनच वाचला गेला. त्या अवताराच्या शीर्षकात मात्र एक बारीकसा घसरा आहे. इंग्रजी शीर्षक ‘यांत्रिक पुनर्निर्मितीचे युग’ असे म्हणते. जर्मन शीर्षक पुनर्निर्मितीविषयी बोलत नसून पुनर्निर्मितिक्षमतेविषयी बोलते. प्रती काढल्या जातात ही घटना जुनीच आहे. ओतीव मूर्ती आणि ठोकलेली नाणी ग्रीकांनाही ठाऊक होती. बेन्यामिनला अभिप्रेत आहे ती निराळी गोष्ट: कृती घडत असतानाच ती अनेकवार निघावी अशा योजनेने घडते, आणि ही क्षमता कृतीच्या स्वभावातच शिरते. एका छायाचित्राच्या शंभर प्रती निघाल्या, तर त्यांतली अस्सल कोणती हा प्रश्नच निरर्थक ठरतो. चित्रपटाला तर अस्सल असे एक शरीरच नसते.

ही पहिली अडचण एका प्रत्ययाची होती व ती सुटली. दुसरी अद्याप पुरती सुटलेली नाही. यांत्रिक प्रतीमुळे कलाकृतीचे जे काही कोमेजते त्याला बेन्यामिन ‘ऑरा’ म्हणतो. मराठीत या शब्दासाठी तेजोवलय, प्रभा, आभा असे पर्याय सुचतात, आणि तीनही फसतात. तेजोवलय म्हटले की दिनदर्शिकेवरील संतांच्या मस्तकामागचे पिवळे वर्तुळ डोळ्यांपुढे येते, आणि ते वर्तुळ तर छापखान्यानेच घरोघरी पोहोचविलेले आहे! बेन्यामिनच्या मते ऑरा म्हणजे वस्तूचे एकमेव असणे, तिचे ‘येथे आणि आत्ता’ असणे. वस्तू कितीही जवळ असली तरी तिच्यातून जाणवणारे एक दूरत्व असेही तो तिचे वर्णन करतो. गाभाऱ्यातील मूर्तीला हे दूरत्व होते. पूजेतून ते तिला लाभले होते. कृती पूजास्थानातून प्रदर्शनात आली, प्रदर्शनातून छापील पानावर आली, आणि जसजशी सर्वांच्या हाताशी आली तसतसे ते विरत गेले, असा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

मी प्रथम ‘सान्निध्य’ हा शब्द योजला. मूर्तीत देवाचे सान्निध्य आहे असे आपण म्हणतोच. पण शब्द लिहून होताच ध्यानात आले की, येथे अर्थ उलटा होत आहे. सान्निध्य म्हणजे जवळ असणे. ज्या अनुभवाला युरोपीय समीक्षक दूरत्वाच्या भाषेत मांडतो, त्याच अनुभवासाठी आपली भाषा जवळिकीचा शब्द काढते. हा केवळ शब्दांचा खेळ मानून सोडून देता आला असता. पण मग भाद्रपद आठवला.

रायगड जिल्ह्यातील पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांत एकेका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. शाडू असो की प्लॅस्टर, सोंडेचे वळण तेच, लोडाचा झोक तोच. फळीवर ओळीने मांडलेल्या त्या मूर्तींपैकी अस्सल कोणती असे विचारणे छायाचित्राच्या प्रतींइतकेच निरर्थक आहे. बेन्यामिनच्या व्याख्येने त्यांच्यापाशी ऑरा असण्याचा संभवच नाही. चतुर्थीच्या सकाळी त्यांतलीच एक मूर्ती पाटावर येते, तिची प्राणप्रतिष्ठा होते, आणि दीड दिवस, पाच दिवस वा दहा दिवस ती त्या घरापुरती एकमेव असते. शेजारच्या घरात त्याच साच्यातली दुसरी मूर्ती बसलेली असली तरी त्याने काही उणे होत नाही. उत्तरपूजेनंतर अक्षता टाकून ती जागेवरून किंचित हलविली जाते. त्या क्षणानंतर ती पुन्हा माती असते व विसर्जनाला मोकळी होते. एकमेवपण वस्तूत मुरलेले नाही. ते आवाहनाने येते व निरोपाने जाते. साचा त्याच्या आड येत नाही.

ही परंपरा पाठीशी असलेल्या समाजात रंगीत शिळाछाप आला तेव्हा काय घडले, हे म्हणूनच निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली काढलेल्या चित्रशाळेने देवादिकांची व इतिहासपुरुषांची चित्रे आधीच घरोघरी नेली होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत आपला छापखाना उभारला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, रंगावर रंगाचा थर, आणि शेवटी तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वर चकाकी, अशी ती प्रक्रिया होती. त्या दगडांवरून लक्ष्मी आणि सरस्वती निघाल्या व देव्हाऱ्यात जाऊन बसल्या. रविवर्म्याचे मूळ तैलचित्र राजवाड्यात होते, पाहुण्यांना दाखविण्याची वस्तू म्हणून. हळदीकुंकू लागले ते छापील प्रतीला. पूजेकडून प्रदर्शनाकडे अशी जी दिशा बेन्यामिनने सांगितली, ती येथे बरोबर उलटी झालेली दिसते.

या चित्रांचे पुढे जे झाले ते अधिक बोलके आहे. कित्येक घरांतील स्त्रिया छापील लक्ष्मीच्या शालूवर जर, टिकल्या, मणी लावीत, कधी खऱ्या कापडाचा तुकडा चिकटवीत, आणि मग चौकट करून घेत. एकाच दगडावरून निघालेल्या दोन प्रती अशा रीतीने दोन घरांत दोन निराळ्या वस्तू होऊन जात. हे कलेच्या इतिहासात हौस म्हणून नोंदले जाते. मला ती आस्वादकाने केलेली निर्मिती वाटते. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या भक्तांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. तोवर ज्यांना गाभाऱ्याची पायरी बंद होती, त्यांच्या झोपडीच्या भिंतीवरील छापील विठोबापुढे मूळ मूर्तीच्या एकमेवतेचे गोडवे गाणे हे निदान माझ्या तोंडून तरी होणार नाही. दूरत्वाचा अनुभव त्यांना पुरेसा होता. पुढे १९८७ साली दूरदर्शनवर रामायण मालिका सुरू झाल्यावर लोकांनी संचाला हार घातले, आरत्या ओवाळल्या. त्यावर सुशिक्षितांनी केलेली थट्टा आठवते. परंतु काचेवर दिसणाऱ्या छायेला आवाहन करणारा तो प्रेक्षक पाटावर मूर्ती बसविणाऱ्या त्याच्या आजोबांहून फारसे निराळे काही करीत नव्हता.

बेन्यामिनवर अन्याय होऊ नये म्हणून येथे थांबणे अवश्य आहे. तो बोलत होता ते वस्तुसंग्रहालयांच्या युरोपविषयी. ज्या कलेने देवळाचा निरोप घेऊनही एकमेवतेचा सोवळेपणा सोडला नव्हता तिच्याविषयी. हा सोवळेपणा गेला याचे त्याला दुःख होते तितकीच त्यातून आशाही होती. फॅसिझमच्या छायेत लिहिणाऱ्या त्या माणसाला असे वाटत होते की, प्रतींच्या युगात सामान्य प्रेक्षक कलेपुढे नतमस्तक न होता तिचा परीक्षक होईल. आणि चित्रपटव्यवसाय नटनटींची कृत्रिम प्रतिष्ठा वाढवून एक नवी पूजा उभी करतो, हे त्याच्या नजरेतून सुटलेले नव्हते. तेव्हा आपल्या देव्हाऱ्याचा दाखला देऊन त्याला खोडून काढले असे समजणे उथळपणाचे होईल. एवढेच म्हणता येईल की, छापील चित्राने आस्वादकाची कृती काढून घेतली नाही. ओवाळणे, कुंकू लावणे, सजविणे हे सर्व प्रतीसमोरही करता येत होते. मग ज्या कलेत आस्वादकाची कृती प्रतीसमोर करताच येत नाही, तेथे काय होते? हा प्रश्न मला चित्रापेक्षा ख्यालगायनाच्या संदर्भात अधिक अर्थपूर्ण वाटतो. कारण तेथे कोमेजण्याजोगी वस्तूच नाही. असते ती फक्त बैठक.

मैफलीविषयी बोलताना मराठीने एक क्रियापद राखून ठेवले आहे: रंगणे. मैफल रंगते, कीर्तन रंगते, नाटक रंगते, गप्पादेखील रंगतात. गवयाने रंग भरला असे आपण म्हणतो, पण तेवढ्यावर काम भागत नाही. समोर बसलेल्यांनी तो घ्यावा लागतो. तंबोरे जुळत असतानाच श्रोता सावरून बसतो. पहिल्या समेला माना हलतात. एखादी अवघड जागा सहज घेतली गेली की कुणाच्या तरी तोंडून अस्फुट दाद निघते. ती ऐकून गवई त्याच जागेकडे दुसऱ्या वाटेने पुन्हा येतो, आणि या वेळी दाद देणारे चौघे असतात. दाद म्हणजे कार्यक्रमाच्या अखेरीस द्यावयाचा अभिप्राय नव्हे. ती गाण्याच्या रचनेत शिरते. कुठे थांबावे, काय वाढवावे, कोणता राग पुढे घ्यावा हे ठरविण्यात तिचा हात असतो. सहृदयाची चर्चा करताना आपण अभिनवगुप्ताचे रसविवेचन नेहमी आठवतो. परंतु तंत्रालोकात त्याने केलेले एक निरीक्षण येथे अधिक उपयोगी आहे. नृत्यगीतादिकांच्या प्रसंगी एकत्र जमलेल्यांच्या संविद्, ज्या एरवी देहाने संकुचित झालेल्या असतात, त्या परस्परांत प्रतिबिंबित होऊन विस्तारतात. आणि एखादा जण तन्मय न झाला तर तेवढ्याने सर्वांच्याच अनुभवाला खळ पडते. मैफलीत जांभई देणाऱ्या एका धनिकाने सबंध बैठक कशी पाडली याच्या गोष्टी गवयांच्या तोंडी असतात. त्या अभिनवगुप्ताला नवलाच्या वाटल्या नसत्या.

१९०२ साली फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि गौहरजान यांनी त्याच्या कर्ण्यापुढे गाइले. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात. त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांवर गायकाची अशी नाममुद्रा ऐकू येते, आणि आज आपण ती कौतुकाने ऐकतो. तिचे कारण अगदी व्यावहारिक होते. मुद्रण केलेले साचे जर्मनीत हानोव्हर येथे जात व तबकड्या तेथे निघत. कोणत्या साच्यावर कोणाच्या नावाची चिठ्ठी लावावयाची हे तेथील कारागिराला कळावे म्हणून ही घोषणा असे. या घटनेचा विचार करताना मला नेहमी थोडे थबकावेसे वाटते. ज्या गायिकेने आयुष्यभर समोरच्या डोळ्यांकडे पाहून गाइले, तिच्या गाण्याचा शेवटचा उद्गार सातासमुद्रापलीकडच्या, तिची भाषा न जाणणाऱ्या, एका अपरिचित कारागिराला उद्देशून आहे. श्रोता बदलला तो तेथे.

कर्ण्याच्या मुद्रणात विद्युत् नव्हती. आवाज मोठा लावावा लागे, तोंड कर्ण्याशी ठेवावे लागे, मान इकडेतिकडे वळवावयाची सोय नव्हती. तंबोऱ्याची आस कर्णा नीट टिपत नसे. आणि वेळ असे तो साधारण तीन मिनिटांचा. ज्या रागाला बैठकीत तास लागावा, तो तीन मिनिटांत आटोपावयाचा म्हणजे प्रथम विलंबित जाणार. स्वरविस्तार जाणार, सावकाश उलगडणारी बढत जाणार. उरणार ती मध्य किंवा द्रुत लयीतील चीज आणि तिच्यावर चटकन घेतलेल्या ताना. जोहराबाई आग्रेवाली यांच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्याला या संक्षेपातही केवढे बळ आणता येते याचा प्रत्यय येतो. त्या पाहून तीन मिनिटांच्या बंधनाला सरसकट दोष देण्याचे धाडस होत नाही. पण संक्षेपाचे कौशल्य वाढले तसतसा श्रोत्याचा कानही संक्षेपाला सरावला, आणि विस्तार त्याला पाल्हाळ वाटू लागला, हेही तितकेच खरे आहे.

हे संकट ज्यांनी ओळखले, किंवा ज्यांना त्याची क्षिती नव्हती, त्यांचा आवाज आज आपल्यापाशी नाही. अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांनी ध्वनिमुद्रण करू दिले नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचीही तबकडी नाही. त्यांची गायकी आपण ऐकतो ती शिष्यांच्या गळ्यातून, आणि ती ऐकल्यावर मुळाचा तर्क करतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही अवस्था परिचित आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढेही मूळ नव्हते. होत्या त्या प्रती, आणि प्रतींत शिरलेले पाठभेद. घराणे हा एका अर्थी पाठभेदांचा जिवंत संप्रदायच असतो. गुरूची तान शिष्य घेतो, पण आपल्या दमसासाने, आपल्या स्वभावाने. आणि त्याला कोणी चुकीची नक्कल म्हणत नाही.

तबकडीने आणलेला खरा बदल मला येथे दिसतो, लांबी-रुंदीत नव्हे. उत्स्फूर्त घेतलेली तान एकदाच घ्यावयाची असते. ती पुन्हा पुन्हा, जशीच्या तशी, शंभर वेळा ऐकू येऊ लागली की तिची बंदिश होते. माझ्या मावशीच्या घरी एक जुनी तबकडी होती. तिच्यावर अंतऱ्याच्या तोंडाशी एक चरा पडलेला होता व तेथे सुई खट्कन उडे. पुढे पुष्कळ वर्षांनी तीच चीज एका बैठकीत ऐकताना त्या जागेशी माझा कान खट् या आवाजाची वाट पाहत राहिला, आणि तो न आल्यामुळे क्षणभर गायकच चुकला असे वाटून गेले. विनोदाचा भाग सोडला तरी ज्यांनी तबकडीवर कान घडविला त्या सर्वांचे थोडेफार असेच झाले आहे. गायकाने तबकडीतल्यासारखे गावे ही अपेक्षा घेऊन माणसे मैफलीला येऊ लागली, आणि प्रतीने मुळाकडून हिशेब मागावयास आरंभ केला.

कुमार गंधर्वांचे बालपण या दृष्टीने एखाद्या दृष्टांतासारखे आहे. थोरथोर गवयांच्या तबकड्या हा मुलगा हुबेहूब गाऊन दाखवी, आणि त्या नवलावर त्याच्या कार्यक्रमांना गर्दी लोटे. श्रोते प्रतीच्या प्रतीला दाद देत होते. पुढे मुंबईस देवधर मास्तरांपाशी त्यांचे शिक्षण झाले, मग देवास येथे क्षयाच्या दुखण्यात गाणे बंद पडण्याची वर्षे आली, आणि त्यानंतर जो गायक उभा राहिला तो कुणाचीच नक्कल न करण्याबद्दल ओळखला गेला. तबकडीतून शिकलेले विसरावयास त्यांना किती श्रम पडले असतील, याचा विचार चरित्रकारांहून समीक्षकांनी अधिक करावयास हवा.

कोणी म्हणेल, तबकडीत स्वर तेच आहेत, लय तीच आहे. मग गेले काय? बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्य हे संवेदनांच्या लयबद्ध रचनेत पाहिले. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींत त्यांनी ते बांधले. (ते आकाशवाणीत नोकरी करीत, ही गोष्ट येथे अगदीच अप्रस्तुत नसावी.) त्यांचा सिद्धांत शब्दशः घेतला तर ध्वनींची रचना जशीच्या तशी पुन्हा निघत असेल तेथे सौंदर्यमूल्यात काही उणे येण्याचे कारण नाही. चांगल्या तबकडीपुरते हे मान्य करावयास मी तयार आहे. तरीही आपली भाषा एक भेद करते. तबकडी गाजते, खपते, झिजते. तबकडी ‘रंगली’ असे आजवर कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. रचना शाबूत असून रंगणे मात्र नाही अशी अवस्था संभवते, याची जाणीव बोलणाऱ्यांच्या भाषेने समीक्षेच्या आधी ठेवलेली दिसते. जे गेले ते स्वरांत नव्हते. ते श्रोत्याच्या हातून जाण्यासारखे होते, आणि त्याच्याच हातून गेले.

मात्र हे लिहिताना जी बैठक मी डोळ्यांपुढे आणीत आहे, तिच्यात कोणाला प्रवेश होता हे विचारणे भाग आहे. दरबारची मैफल दरबाऱ्यांची. कोठीवरची मैफल पुरुषांची. घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांना गौहरजानचे वा जोहराबाईंचे गाणे प्रत्यक्ष ऐकण्याचा मार्गच नव्हता. ग्रामोफोनने ते त्यांच्या माजघरात आणले. ज्या गायिकेला समोरच्या दारातून घरात घेतले नसते तिचा आवाज सन्मानाने दिवाणखान्यात वाजू लागला. ही नैतिक ढोंगबाजी होती खरी, परंतु तिने एका बंद दाराला फट पाडली. घराण्यांच्या भिंतींचेही तसेच. आपली विद्या चव्हाट्यावर जाईल या भीतीने ज्या चिजा शिष्यालाही वर्षानुवर्षे मिळत नसत, त्या बाजारात मिळू लागल्या. आणि गदगच्या एका दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकून एक शाळकरी मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून गेला. भीमसेन जोशींची ही हकीकत सर्वश्रुत आहे, पण तिचा एक अर्थ पुरेसा लक्षात घेतला जात नाही. तो मुलगा तबकडी ऐकून तृप्त झाला नाही. भटकून भटकून शेवटी तो अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी कुंदगोळला पोहोचला व तेथे राहिला. येथे प्रतीने ऐकणाऱ्याला प्रतीपाशी बसू दिले नाही. तिने त्याला माणसापर्यंत चालत नेले.

पुढची तंत्रे वेगाने आली. त्यांचा तपशील येथे नको. दीर्घ तबकडीने तीन मिनिटांची सक्ती उठविली आणि अमीर खाँ यांच्या मारव्यासारखा संथ विस्तार घरात बसून ऐकता येऊ लागला. ध्वनिवर्धकाने हळू आवाजाला मान मिळवून दिला. मात्र फीत आली तेव्हा एक गोष्ट अशी झाली जिची कल्पना बेन्यामिनने केली नसावी. हौशी रसिकांनी खाजगी बैठकी मुद्रित करून ठेवावयास सुरुवात केली. त्या फितींच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या, आणि कॅसेटच्या काळात त्या हातोहात फिरल्या. या फितींत गाण्याबरोबर बैठकही उतरली आहे. पानाच्या डब्याचा आवाज आहे, खोकला आहे, आणि दाद आहे. कित्येक वर्षांपूर्वी कुणा अनामिकाने समेवर काढलेला ‘क्या बात है’ हा उद्गार आज एकट्या खोलीत बसलेला श्रोता ऐकतो, आणि त्याची मान त्या उद्गाराबरोबर हलते. तबकडीने श्रोत्याला गाण्याबाहेर काढले होते. फितीने दुसऱ्याच एका श्रोत्याला गाण्याच्या आत कायमचे बसविले. आपण आता त्याच्या दादेला दाद देतो. हे मैफलीत बसणे नव्हे. तरी हे तीन मिनिटांच्या तबकडीचे एकाकी ऐकणेही नव्हे, आणि या मधल्या अवस्थेचे वर्णन करावयास आपल्या सौंदर्यशास्त्राने अजून शब्द शोधलेला नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे. गायक षड्ज लावतो न लावतो तोच पाचपन्नास मोबाइल वर होतात, आणि त्या हातांना दाद द्यावयाची सवड नसते. ऐकणे नंतरवर टाकले जाते. नंतर बहुधा ऐकले जात नाही. मला याचा संताप येतो हे लपविण्याचे कारण नाही. पण याच काळात एका संध्याकाळी पाच गायकांचा एकच राग ओळीने ऐकून, अमक्याचा निषाद कोठे निराळा लागतो हे नेमके सांगणारे तरुण श्रोतेही मला भेटले आहेत. आमच्या पिढीतल्या पंडितांना ते साधले नसते, कारण तशी साधने त्यांच्यापाशी नव्हती. बेन्यामिनने ज्या परीक्षक-प्रेक्षकाची आशा धरली होती तो बहुधा हाच. संगीतसमीक्षेची आपल्याकडे जी थोडीफार शास्त्रशुद्ध वाढ झाली, तीही पुन्हा ऐकता येणाऱ्या प्रतीशिवाय झाली नसती. ‘त्या जागी तो असे करतो’ हे वाक्य मैफलीच्या आठवणीवर विसंबून दुसऱ्याला पटवून देता येत नाही. तुलना करणे, परत जाणे, पुरावा दाखविणे ही रसिकाची कृतीच आहे, आणि ती यंत्राने दिली आहे. तिने मैफल रंगत नाही, इतकेच.

केसरबाई केरकरांनी (१८९२–१९७७) अल्लादिया खाँ यांच्याकडे दीर्घ तालीम घेतली. त्यांच्या बैठकींचा दरारा ज्यांनी अनुभवला त्यांच्या मते तबकड्यांत त्याचा अंशही नाही, आणि त्यांना स्वतःलाही ध्वनिमुद्रणाविषयी फारसे प्रेम नव्हते. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर या दोन अवकाशयानांवर मानवजातीचा परिचय म्हणून सुवर्णलेपित तबकड्या बसविण्यात आल्या; भारतीय संगीतातून त्यांत निवडली गेली ती केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. त्याच सप्टेंबरात त्या निवर्तल्या. ती यानं आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोहोचली आहेत. तिकडे ती तबकडी कोणी लावलीच, तर तिला रचना ऐकू येईल. मान कोठे हलवावयाची हे तिच्यावर कोरलेल्या खुणांत सांगितलेले नाही.

भाषांतराच्या हस्तलिखितात त्या अडून बसलेल्या शब्दासमोर सध्या दोन पर्याय पेन्सिलीने लिहिलेले आहेत. चित्र, मूर्ती, वास्तू यांच्या संदर्भात ‘सान्निध्य’, आणि दूरत्वाचा विरोध तळटीपेत. दुसऱ्या ठिकाणी, सभागृहात वा मोकळ्या हवेत गाइलेले समूहगान ध्वनिमुद्रणामुळे कुणाच्या खोलीत ऐकू येते असे बेन्यामिन म्हणतो, त्या परिच्छेदात, मी ‘रंग’ असे लिहिले आहे. संपादकांनी त्यावर प्रश्नचिन्ह केले आहे.